कॅसेटवरची गिटार

सोलापुरात आमचा बँड होता असं मी सांगते तेव्हा समोरचा माणूस हमखास विचारतो, "वरातीतला का?" वरातीतला नव्हता. वरातीतल्या बँडवाल्यांना निदान युनिफॉर्म असतो, आम्हाला तोही नव्हता. आम्ही चौघं एकाच कॉलेजात होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, केबलवर दिवसभर पॉप अल्बमची गाणी लागायची, आणि आपणही मराठीत तसं काहीतरी करावं असं आम्हाला वाटत होतं. बँडला नाव होतं, पण ते सांगत नाही. इंग्रजी होतं आणि त्याचं स्पेलिंग आम्ही चुकवलं होतं.

सात रस्त्याजवळ माझ्या वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टाइपरायटर, खाली चौकातली वाहतूक. रविवारी क्लास बंद असायचा, म्हणून ती खोली आम्हाला मिळाली. वडिलांची अट एकच होती, मशीनवर काही ठेवायचं नाही. आम्ही टाइपरायटरवर काळी कव्हरं घालायचो आणि मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने उभं राहून वाजवायचो. वडील दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. आपल्या मुलीबरोबर तीन मुलगे आहेत म्हणून ते बसतात, हे सगळ्यांना कळत होतं. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि काही महिन्यांनी पेपर खाली ठेवून "ते दुसरं गाणं परत म्हणा बरं" असंही सांगायला लागले.

मुलांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. गॅलरीतून खाली बघून मला सांगायचे, "गिटारवाला आलाय," "पॅडवाला अजून चहाच्या गाडीवर आहे." मीही इथे तेच करते.

गिटारवाला आमच्यात सगळ्यात गंभीर. वडील रेल्वेत. वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत तो लहानपणापासून कोरसला बसायचा, तिथेच पेटी शिकला. गिटार मात्र कुणाकडून तरी जुनी मिळवून स्वतःच शिकला होता. गाणी तो लिहायचा, चालीही त्याच्याच. पॅडवाला पूर्व भागातला. घरी माग, घरात तेलुगू. तो ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवायचा, आणि मागाच्या आवाजावरून ताल शिकलास का, हा प्रश्न त्याला जो तो विचारायचा. "मागाला कुटला आलाय ताल? नुसता गोंगाट असतोय त्यो," असं तो म्हणायचा. कीबोर्डवाल्याच्या चाचांचं कॅसेटचं दुकान होतं. तो दखनी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचा आणि आपण तसं बोलतो हे त्याला माहीत नव्हतं. मी गायची. माझी पट्टी काळी पाच होती, म्हणजे बरीच वरची. वरचे सूर मला सहज लागायचे, आणि सहज लागतात म्हणून त्यांचं मला फारसं कौतुक नव्हतं.

आमची गाणी आठ होती. त्यातलं एक आम्ही ऐन मे महिन्यात केलं होतं, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये यायचा. "ऊन लई झालंय, सावली दे की" अशी त्याची ओळ होती. आपल्या बोलीतलं गाणं असावं, असं पॅडवाल्याचं म्हणणं होतं. अशी भाषा कॅसेटवर कोण घेणार, असं मला वाटायचं. या गाण्याच्या सुरुवातीला गिटारवाल्याने एक संथ तुकडा बांधला होता. थोडेच सूर, मध्ये थांबायची जागा, मग तेच सूर थोडे खाली येऊन परत. तो वाजवायला लागला की आम्ही तिघंही गप्प व्हायचो.

चाचांच्या दुकानात पुण्याचा एक कॅसेट वितरक माल द्यायला यायचा. कीबोर्डवाल्याने आमची घरी भरलेली टेप त्याच्या हातात दिली. दोनेक महिन्यांनी निरोप आला की एक लहान कंपनी आमचा अल्बम काढायला तयार आहे. वडिलांनी इन्स्टिट्यूटमध्ये पेढे वाटले. टायपिंग शिकणाऱ्या मुलींना पेढे कशाचे ते नीट कळलं नाही. मला नोकरी लागली असं बऱ्याच जणींना वाटलं.

पुण्याच्या स्टुडिओत आम्ही चौघं आणि माझे वडील असे गेलो. आत गालिचा, भिंतींना छिद्रांचे पत्रे, मधे मोठी काच. काचेपलीकडे कंपनीने नेमलेला अरेंजर बसला होता, कुठलं वाद्य कुठे कसं वाजवायचं ते ठरवणारा. माणूस शांत होता, कधी आवाज चढवायचा नाही. पहिला दिवस छान गेला. पॅडवाला एका दमात वाजवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्याची पाळी आली. त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि त्यात 'क्लिक' सोडला. क्लिक म्हणजे घड्याळासारखी टिकटिक. तिच्याबरोबर वाजवायचं, म्हणजे नंतर सगळी वाद्यं एकमेकांवर बरोबर बसतात. गिटारवाल्याने आयुष्यात कधी क्लिकबरोबर वाजवलं नव्हतं. त्याच्या त्या संथ तुकड्यात थांबायच्या जागा होत्या, आणि त्या जागांवर तो थांबायचा पण टिकटिक थांबायची नाही.

"टायमिंग हलतंय," अरेंजर म्हणाला. "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा घाबरत गेला आणि तुकडा आधीपेक्षा वाईट वाजत गेला. जेवायच्या वेळेला अरेंजर काचेपलीकडे कीबोर्डवाल्याशी काहीतरी बोलला. आम्ही जेवून आलो तेव्हा एक मध्यम वयाचा माणूस सोफ्यावर बसून गिटार जुळवत होता. स्टुडिओत रोज वाजवणारा कलाकार. त्याने गाण्याची चाल एकदा ऐकली, "काही वेगळं वाजवलं तर चालेल ना?" असं अरेंजरला विचारलं, आणि जागच्या जागी एक चपळ, चमकदार तुकडा वाजवला. ऐकताक्षणी पाय हलावेत असा. अरेंजर हसला. खरं सांगायचं तर मलाही तो आवडला. मग त्याने आठही गाण्यांची गिटार वाजवून टाकली, चहा घेतला आणि गेला.

गिटारवाला बाहेरच्या बाकावर बसला होता. माझे वडील त्याच्या शेजारी जाऊन बसले. ते काय बोलले मला माहीत नाही. परतीच्या गाडीत कुर्डूवाडी गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "चांगलं वाजवलं त्यांनी."

कॅसेट निघाली. कव्हरवर आमच्यापैकी कुणीच नव्हतं. कुठल्या तरी डोंगरासमोर ओढणी उडवत उभी असलेली एक अनोळखी मुलगी होती. आतल्या घडीच्या कागदावर आमची नावं होती. त्यात छापलं होतं, 'गीत, संगीत आणि गिटार', आणि पुढे गिटारवाल्याचं नाव. स्टुडिओतल्या त्या कलाकाराचं नाव कुठेच नव्हतं. कंपनी अशी नावं छापत नसे, असं नंतर कळलं.

अल्बम पुण्या-मुंबईत कुणी ऐकला असेल असं वाटत नाही, पण सोलापुरात 'सावली दे की' चाललं. रिक्षांत वाजलं, गणपतीत मंडळांसमोर वाजलं, लोकल केबलवर लोक फर्माईश करायला लागले. आणि लोकांना सगळ्यात जास्त आवडली ती सुरुवातीची गिटार. ती सुरू झाली की पोरं शिट्ट्या मारायची. रस्त्यात कुणीतरी गिटारवाल्याला अडवून म्हणायचं, "काय वाजवलंय राव तुमी." तो मान हलवायचा. कार्यक्रमांत तर ते वाजवावंच लागायचं, म्हणून त्याने कॅसेट परत परत ऐकून तो तुकडा बसवला. वाजवायचाही चांगला. फक्त वाजवताना मान खाली असायची. बघणाऱ्यांना वाटायचं, एकाग्र झालाय.

बँड मोडला असं म्हणता येणार नाही, तो आपोआप थांबला. कंपनी बंद पडली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. गिटारवाल्याला श्रीपूरला साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात नोकरी लागली. पॅडवाला घरच्या धंद्यात शिरला. कीबोर्डवाला आखातात गेला, तिथे एका हॉटेलात बरीच वर्षं कीबोर्ड वाजवत होता. माझं लग्न झालं आणि मी वैरागला आले. मिस्टरांचं बी-बियाण्यांचं दुकान, मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. पहिली काही वर्षं शाळेच्या स्नेहसंमेलनात लोक 'सावली दे की' म्हणायला लावायचे. मग तेही कमी झालं. वडील गेले, इन्स्टिट्यूटच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. आम्ही चौघं एकमेकांच्या घरच्या कार्यांना भेटायचो, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलायचो. कॅसेटचा विषय निघाला तरी स्टुडिओचा विषय निघायचा नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं की बोलायला अडचण येणार नाही, पण गाण्याच्या आवाजावर परिणाम होऊ शकतो. तसाच झाला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तब्येत सुधारली, आणि आवाज खाली गेला. वरच्या सुरांच्या जागी नुसती हवा यायची. मी स्वयंपाकघरात गुणगुणायची थांबले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी नुसते ओठ हलवते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलांचा आवाज पुरेसा मोठा असतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पॅडवाल्याचा फोन आला.

"पोरीचं लग्न जमलंय," तो म्हणाला. "मे महिन्यात. आणि नुसतं येऊन जेवून जायचं न्हाई."

"म्हणजे?"

"तिला रिसेप्शनला डीजे नको. नान्नाचा, म्हंजी बापाचा, बँड पायजे म्हणती. लहानपणापासनं कॅसेट ऐकतीय, आठच्या आठ गाणी तोंडपाठ हायत तिला. श्रीपूरला फोन केला. कारखान्याचा उसाचा सीझन संपलाय, येतो म्हणाला. कीबोर्डवाला तर आता कायमचाच परत आलाय."

"अरे, मला आता गाता येत नाही. तुला माहितीये ना?"

"बोलतीस की नीट."

"बोलणं वेगळं."

"मग बोलल्यासारखं गा," तो म्हणाला आणि पोरीच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही नुसत्या स्टेजवर उभ्या राहा. मी काही ऐकून घेणार नाही."

रात्री जेवताना मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "जा की. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर लग्नाचं जेवण हाय." त्यांचं सगळ्याच बाबतीत असं असतं. पण त्या वेळी मला ते बरं वाटलं.

तालीम पॅडवाल्याच्या कारखान्यात होती. सुटीचा दिवस होता, माग बंद होते, टॉवेलचे गठ्ठे भिंतीला लावून मधे जागा केली होती. मी बसने सोलापूरला उतरून रिक्षाने पोचले तेव्हा तिघंही आलेले होते. कीबोर्डवाल्याच्या दाढीत पांढरं आलं होतं, पॅडवाल्याचं पोट पुढे आलं होतं. गिटारवाला होता तसाच होता, फक्त चष्मा लागला होता. त्याच्याकडे नवी गिटार होती. मुलाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेली, असं त्याने सांगितलं.

आधी आम्ही नुसता चहा प्यालो. वाजवायची सुरुवात कुणीच करेना. शेवटी पॅडवाल्याने काठ्या उचलल्या आणि 'सावली दे की' सुरू केलं, मूळच्या पट्टीत. गिटारवाल्याने कॅसेटवरचा तुकडा वाजवला, जसाच्या तसा. मी पहिली ओळ कशीबशी म्हटली. दुसऱ्या ओळीत 'सावली' वर जातं, तिथे माझ्या तोंडून आवाजच आला नाही. सगळे थांबले. मला रडू वगैरे आलं नाही. मला फक्त घरी जावंसं वाटलं.

"रुक," कीबोर्डवाला म्हणाला. त्याने एक बटण दाबत दाबत पट्टी खाली आणली. "हितं म्हण."

नाही जमलं. त्याने आणखी खाली आणली. मी डोळे मिटून म्हणून बघितलं. काळी तीनवर 'सावली' लागलं. माझा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाडसर होता, थोडा घोगरा, पण सूर धरून होता. पॅडवाला म्हणाला, "हां. ह्योच."

"तुला बरं वाटतंय का असं?" गिटारवाल्याने मला विचारलं.

"वेगळं वाटतंय," मी म्हटलं. "गाणं मोठ्या बाईचं झाल्यासारखं वाटतंय."

"मोठीच हायस की आता," पॅडवाला म्हणाला आणि आम्ही हसलो. तिथून तालीम खरी सुरू झाली.

पण मग गिटारची अडचण झाली. कॅसेटवरचा तो तुकडा मोकळ्या, बोटांनी न दाबलेल्या तारांवर बांधलेला होता, वरच्या पट्टीसाठी. गिटारवाल्याने तारा उतरवून बघितल्या. तारा इतक्या सैल झाल्या की तुकडा लोंबकळायला लागला. त्यातली सगळी चमक गेली. दुसऱ्या जागी बोटं धरून बघितलं, तेही बसेना. त्याने बराच वेळ खटपट केली. मग तारा परत जुळवल्या आणि मान वर न करता म्हणाला, "एक दुसरं हाय."

आणि त्याने तो संथ तुकडा वाजवला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बांधलेला. थोडेच सूर, मग थांबायची जागा. मी तो इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता, आणि तरी पुढचा सूर कोणता ते मला दर वेळी आधीच कळत होतं. तो खालच्या पट्टीत सहज बसला. पॅडवाल्याने काठ्या खाली ठेवून नुसत्या बोटांनी पॅडवर हलका ठेका धरला.

वाजवून झाल्यावर कीबोर्डवाला अडखळत म्हणाला, "अच्छा है. लेकिन लोगां पैचानते नै. ते शिट्ट्या मारतात त्या तुकड्याला."

"मारू देत की," गिटारवाला म्हणाला. "तो तुकडा चांगलाच हाय. मला बी आवडतो. पण त्यो माझा न्हाई."

हे तो पहिल्यांदाच आमच्यासमोर बोलला. बोलला तेही साध्या आवाजात, कारखान्यातली एखादी मोटर कुणी बसवली ते सांगावं तसं. पॅडवाला माझ्याकडे बघायला लागला, मी खाली बघायला लागले. कीबोर्डवाल्याने पट्टीचं बटण उगाच दोन-तीनदा दाबलं.

"एक बात बोलू?" तो म्हणाला. "त्या दिवशी अरेंजरनं मला विचारलं होतं. 'दुसऱ्याला बोलावलं तर चालेल का?' मी हौ म्हणालो. मला वाटलं, नै म्हणालो तर अल्बमच कॅन्सल होईल. तुला नै विचारलं मी. इतने साल झाले, सांगायचं सांगायचं म्हणत राहून गेलं."

"मला माहीत होतं," गिटारवाला म्हणाला.

"कसं?"

"काचेतनं दिसत होतं. तू मान हलवलीस."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मला येत नव्हतं तसं वाजवायला. तू मान हलवली नसतीस तरी मला आलं नसतं." त्याने गिटार मांडीवरून काढून शेजारी ठेवली. "तुझा राग नव्हता. कागदावर माझं नाव छापलं त्याचं वाईट वाटायचं. लोक कौतुक करायचे आणि मला तितनं निघून जावंसं वाटायचं. आणि सांगितलं असतं तर तुमची सगळ्यांचीच कॅसेट खोटी पडली असती."

कीबोर्डवाला उठला, बाहेर गेला आणि सगळ्यांसाठी उसाचा रस घेऊन आला. साखर कारखान्यातल्या माणसाला रस कशाला पाजतोस, असं पॅडवाला म्हणाला. गिटारवाल्याने मात्र ग्लास संपवला. मग आम्ही अंधार पडेपर्यंत वाजवलं. बाकीच्या गाण्यांत त्याने मुद्दाम काही बदल केले नाहीत, पण प्रत्येक गाण्यात एखादी जागा अशी यायची की तिथे कॅसेटवरचं सोडून तो आपलं काहीतरी वाजवायचा. आणि वाजवताना आमच्याकडे बघायचा.

रिसेप्शन अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. संध्याकाळ झाली तरी भिंती तापलेल्या होत्या, मोठे कूलर घरघरत होते. स्टेजवर नवरा-नवरी, त्यांना भेटायला आलेल्यांची रांग, एका बाजूला जेवणाची टेबलं. आमच्यासाठी स्टेजच्या खाली उजवीकडे जागा होती. पॅडवाला भरजरी पोशाखात ऑक्टोपॅडमागे बसला तेव्हा त्याच्या बहिणी तेलुगूत काहीतरी म्हणून हसल्या. "व्याही काय म्हणतील, असं म्हणतायत," तो म्हणाला. "म्हणू देत."

मिस्टर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते, हातात आइस्क्रीमची वाटी. ते माझ्याकडे न बघता स्टेजवरच्या फुलांकडे बघत होते. मुद्दामच, मला दडपण येऊ नये म्हणून.

नवरीने माइक घेऊन सांगितलं, "हा माझ्या नान्नांचा बँड आहे." टाळ्या पडल्या. गिटारवाल्याने तो संथ तुकडा सुरू केला आणि कुणीच वर बघितलं नाही. चमच्यांचा आवाज चालू होता, मुलं खुर्च्यांमधून पळत होती. तो थांबायच्या जागी थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी पहिली ओळ म्हटली. माझा आवाज स्पीकरमधून येऊन मलाच ऐकू आला तेव्हा तो माझाच आहे हे समजायला थोडा वेळ गेला. दुसऱ्या ओळीला 'सावली' लागलं. जेवणाच्या टेबलाजवळचा एक माणूस ताट हातात धरून वळला. मग त्याच्या शेजारची बाई. 'सावली दे की' आलं तेव्हा मागून कुणीतरी आमच्याबरोबर म्हणायला लागलं, आणि पुढच्या खेपेला बरेच जण म्हणत होते. शिट्ट्या कुणी मारल्या नाहीत. लोक जेवता जेवता गात होते, मोठ्याने नाही, घरात बसून म्हणावं तसं. नवरी स्टेजवरून खाली आली आणि गाणं संपेपर्यंत बापाच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. रांगेतले लोक पाकिटं हातात धरून थांबले.

आम्ही आठही गाणी म्हटली. दोन ठिकाणी मी शब्द विसरले, ते नवरीने स्टेजवरूनच सांगितले. एका गाण्यात माझा आवाज पुन्हा बसला, तेव्हा गिटारवाल्याने ती ओळ स्वतः म्हटली. तो गातो हे मी विसरूनच गेले होते. भीमगीतांच्या पार्टीत कोरसला बसलेला मुलगा होता तो, गाणारच.

नंतर आम्ही माइकच्या वायरी गुंडाळत होतो तेव्हा एक माणूस आला. आमच्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट. गिटारवाल्याला म्हणाला, "सर, ती सुरुवातीची गिटार बदलली व्हय? जुनी लई भारी होती. कॉलेजला असताना आमी त्या गिटारवर नाचलोय."

गिटारवाल्याने वायर गुंडाळणं थांबवलं. "ती पुण्याच्या एका कलाकारानं वाजवली होती. मी न्हाई. आज वाजवली ती माझी."

"असं व्हय," तो माणूस म्हणाला. "मला वाटलं तुमीच. बरं, ही बी चांगली हाय." आणि जेवायला गेला.

गिटारवाला हसायला लागला. त्याला असं हसताना मी फार कमी वेळा बघितलं आहे. "बघ," तो मला म्हणाला, "एवढंच होतं."

नंतर पावसाळ्यात कीबोर्डवाल्याने जुन्या ओळखी काढून पुण्याच्या त्या कलाकाराचा फोन नंबर मिळवला. गिटारवाल्याने त्यांना फोन केला. ते आता बरेच म्हातारे झाले आहेत, वाजवणं थांबलं आहे. आपण असं काही गाणं वाजवलं होतं हे त्यांना आठवेना. त्यांनी म्हणे आयुष्यात इतक्या स्टुडिओंत इतकं वाजवलं होतं. मग गिटारवाल्याने फोनवरच त्यांना कॅसेटवरचं ते गाणं ऐकवलं. ऐकून ते म्हणाले, "हे मी वाजवलंय? बरं वाजवलंय की." आणि मग विचारलं, "चाल कुणाची आहे?" "माझी," असं सांगितल्यावर म्हणाले, "चाल छान आहे. चालीमुळेच सुचलं असणार." हे गिटारवाल्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्यामागे पावसाचा आवाज येत होता आणि त्याने ते शेवटचं वाक्य मला दोनदा सांगितलं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघं श्रीपूरला त्याच्या क्वार्टरवर गेलो. ऊसतोडीची माणसं नुकतीच यायला लागली होती, रस्त्याच्या कडेला बैलगाड्या सोडलेल्या होत्या. त्याच्या बायकोने भाकरी आणि शेंगाची चटणी केली होती. जेवण झाल्यावर त्याने एक नवं गाणं काढलं. काळी तीनमध्ये, माझ्या आताच्या आवाजासाठी बांधलेलं. वर जायची जागाच नाही त्यात, सगळं खाली आणि मधे फिरतं. मला पहिला अंतरा आवडला, दुसरा नाही. पॅडवाल्याचं म्हणणं गाणं फार संथ आहे, कीबोर्डवाल्याचं म्हणणं अजून संथ पाहिजे. वाद घालता घालता चहाची वेळ झाली. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "आधी त्या बाईला म्हणू द्या की एकदा सबंध. मग भांडा."

मी म्हटलं. ती दाराला टेकून ऐकत राहिली, आणि चहा गॅसवर उतू गेला.